योसेफाची कोठारे आणि आमची कणगी

(वाचावयाचा शास्त्रभाग : उत्पत्ती, अध्याय 41 व 47, प्रेषितांची कृत्ये, अध्याय 11, शेवटली चार वचने.)



सुगी आटोपली म्हणजे आपल्या गावांत एक प्रकारची निश्चिंती पसरते. खळ्यावरची रास घरात येते, नव्या ज्वारीची भाकर तव्यावर फुगते, आणि गेल्या श्रावणात आपण काय खाल्ले ह्याची आठवण कोणास राहत नाही. ह्याच दिवसांत दुकानाची उधारी फेडावयाची असते, लग्ने ठरतात, यात्रा भरतात, आणि मोटार दारात उभी करून व्यापारी धान्याचा भाव विचारतो. पुढल्या वर्षाचा निकाल ह्याच दिवसांत लागत असतो. परंतु तो लागत असता आपणांस कळत नाही. तो कळतो भाद्रपदात, जेव्हा घरची बाई मडक्याच्या तळाशी हात घालते आणि तिच्या बोटांस माती लागते.

म्हणून ह्या सुगीच्या दिवसांत आम्ही आपणांपुढे योसेफाची गोष्ट मांडतो. ती आपण लहानपणापासून ऐकली आहे. परंतु तिच्यातला स्वप्नांचा भाग आपण जितक्या आवडीने ऐकतो, तितक्या आवडीने धान्याचा भाग ऐकत नाही. योसेफाने फारोच्या स्वप्नाचा अर्थ सांगितला आणि तेथेच तो थांबला असता, तर मिसर देश उपाशी मेला असता. देवाने त्यास भविष्य दाखविले ते कोठारे बांधण्यासाठी. सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा बाजूस काढावा, ज्या शहराभोवती जे पिकेल ते त्याच शहरात साठवावे, आणि हे काम शहाण्या माणसांच्या हाती द्यावे, अशी साधी व्यवस्था त्याने केली. त्या व्यवस्थेत चमत्कार काही नव्हता. मोजणे, वाळवणे, भरणे, राखणे, एवढेच होते. तरी शास्त्र म्हणते की हे देवाच्या आत्म्याने भरलेल्या मनुष्याचे काम होते. आम्ही तरी ह्यावरून असे समजतो की कणगी सारवणारी बाई आणि पोती मोजणारा गडी हे दोघे आपापल्या जागी देवाचीच चाकरी करीत असतात.

आता ह्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग पाहू. तो 47व्या अध्यायात आहे आणि व्यासपीठावरून तो क्वचितच वाचला जातो. दुष्काळ पडला तेव्हा मिसरी लोकांनी प्रथम आपला पैसा देऊन धान्य घेतले. पैसा सरला तेव्हा गुरे, घोडे, मेंढरे दिली. गुरे सरली तेव्हा जमीन दिली, आणि अखेरीस स्वतःची शरीरेही फारोच्या स्वाधीन केली. बंधूंनो, हा क्रम आपणांस अनोळखी आहे काय? प्रथम हातातला पैसा, मग बैल, मग शेत, मग स्वतःचे शरीर. 1876 ते 1878 च्या मोठ्या दुष्काळात सोलापूर, अहमदनगर, विजापूर ह्या प्रांतांत हाच क्रम घडला. दख्खन व मद्रास इलाख्यासह त्या दुष्काळात 50 लाखांहून अधिक माणसे मेली. जी वाचली त्यांतली पुष्कळ सरकारी कामावर खडी फोडून वाचली, आणि त्या कामावरची रोजची रसद 1877 साली एक रत्तल धान्यावर आणली गेली. एक रत्तल म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. तेवढ्यावर दिवसभर दगड फोडावयाचे!

ह्यावरून आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसते. मिसरात धान्य होते. पण ते एका राजाच्या कोठारात होते, प्रजेच्या घरी नव्हते. म्हणून प्रजेचे प्राण वाचले, तरी तिची मोकळीक गेली. योसेफाने देश जगविला ह्याबद्दल आम्ही देवाचे उपकार मानतो. परंतु त्याच अध्यायाचा धडा असाही आहे की ज्याच्या घरी तीन महिन्यांचे धान्य नाही, तो अवघड दिवशी दुसऱ्याच्या दारी मान खाली घालून उभा राहतो, आणि मग तो जे मागेल ते देतो. कणगीतली ज्वारी भूक भागवितेच, आणि त्याबरोबर मनुष्याची मानही ताठ ठेविते.

येथे आपल्यापैकी कोणी म्हणेल, "हे शेतवाल्यांना सांगा. आमच्या वाडवडिलांच्या घरी कणगी कधी नव्हतीच. गावकीची कामे करावी, घरोघरची भाकर मागून आणावी, आणि ती सकाळ-संध्याकाळ खावी, अशी आमची रीत होती. हातावर पोट असलेल्याने साठवावे तरी काय?" हा प्रश्न खरा आहे, आणि त्यास उडवून लावणे आम्हांस शोभणार नाही. ज्यांस मागून खावयास लाविले गेले, त्यांस साठविण्याची सवय कोठून लागणार? परंतु ख्रिस्ताने आपणांस त्या दारांतून उठविले आहे. त्याने जर आपल्या मुलांच्या हाती पुस्तक दिले, तर आपल्या घराच्या कोपऱ्यात एक मडके का ठेवू नये? ते मडके कसे भरावे हे आम्ही पुढे सांगू.

परंतु त्याआधी एका शंकेचे निरसन केले पाहिजे. आमच्या मंडळ्यांतले काही भाविक जन म्हणतात की उद्याची चिंता करू नये असे प्रभूने सांगितले आहे. रानात इस्राएल लोकांस रोजचा मान्ना मिळे, आणि ज्यांनी तो उद्यासाठी ठेविला त्यांच्या मान्न्यात किडे पडले. शिवाय ज्या धनवानाने मोठी कोठारे बांधण्याचा बेत केला त्यास देवाने मूर्ख म्हटले. मग साठविणे हा अविश्वास नव्हे काय?

ह्या तीन दाखल्यांकडे नीट पाहू. निर्गमाच्या 16व्या अध्यायात सहाव्या दिवशी दुप्पट मान्ना गोळा करण्याची आज्ञा आहे, आणि शब्बाथासाठी ठेविलेल्या त्या मान्न्यात किडा पडला नाही. मान्ना तोच, भांडे तेच, रात्रही तशीच. मग एकदा किडा पडला आणि एकदा पडला नाही, ह्याचे कारण काय? देव उद्या देणार नाही ह्या भीतीने ठेविले ते नासले. देवाने ठेवावयास सांगितले म्हणून ठेविले ते टिकले. धनवानाची गोष्टही अशीच आहे. त्याचे पीक पुष्कळ झाले ह्यात त्याचा दोष नव्हता, आणि कोठार असणे हाही दोष नव्हता. तो मनाशी जे बोलला त्यात केवळ तो एकटाच आहे. माझे पीक, माझे धान्य, माझा जीव. त्यात शेजारी नाही, मजूर नाही, विधवा नाही, आणि देवही नाही. आणि प्रभू चिंतेविषयी बोलला ते चिंतेविषयीच बोलला, कामाविषयी नव्हे. मुंगीकडे जाऊन शहाणा हो असे जे शास्त्र आळशास सांगते, तेच शास्त्र प्रभू मान्य करीत होता. जो सुगीत वाळवून भरतो, तो पावसाळ्यात चिंता करीत नाही. जो सुगीत उधळतो, त्यासच आषाढात रात्रभर झोप येत नाही. तेव्हा खरी चिंता कोणाची, हे आपणच ठरवा.

आता हाताच्या कामाकडे वळू. उपदेशकांनी ह्या भागाची लाज वाटू देऊ नये. तो रविवारी मंडळीत मोठ्याने वाचावा.

पहिली गोष्ट वाळविण्याची. धान्य नासते ते बहुधा ओलीने. ओल असली म्हणजे बुरशी येते, धान्य आतून तापते, आणि किड्यास घर मिळते. ज्वारी, गहू, बाजरी पुष्कळ दिवस ठेवावयाची असल्यास दाण्यातली ओल शेकडा 12 पेक्षा कमी असावी. आपणांजवळ मोजण्याचे यंत्र नसते. पण दात असतात. वाळलेला दाणा दाताखाली कट्‌कन फुटतो, ओला दाणा दबतो. दुसरी परीक्षा अशी : कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य व चमचाभर अगदी कोरडे मीठ घालून ती थोडा वेळ हलवावी. मीठ बाटलीच्या अंगास चिकटले तर धान्य अद्याप ओले आहे असे समजावे. आणि उन्हातून उचललेले धान्य ऊन ऊन भरू नये. सावलीत निवू देऊन मग भरावे, नाहीतर आत घाम सुटतो.

ह्या बाबतीत आमची स्वतःची चूक आम्ही सांगून टाकतो. एका वर्षी अवकाळी पावसाच्या भीतीने आम्ही अर्धवट वाळलेली ज्वारी घाईने पत्र्याच्या कोठीत भरली आणि झाकण घट्ट लाविले. दोन महिन्यांनी हात घातला तो धान्य आतून गरम लागले आणि कुबट वास आला. घरच्या माणसांनी म्हटले, कोंबड्यांना घाला, गुरांना घाला. परंतु बुरशीच्या धान्यात विष असते, आणि ते गुरांसही बाधते. तेव्हा ते सगळे खड्ड्यात पुरावे लागले. त्या दिवशी आम्हांस समजले की झाकण घट्ट लावल्याने पाप झाकत नाही. ओल आत असली म्हणजे ती आतच वाढते. सुज्ञ वाचकाने ह्यापुढचा अर्थ आपल्या अंतःकरणाशी लावावा.

दुसरी गोष्ट भांड्याची. कणगी असो, मातीचा रांजण असो, भिंतीतले बळद असो वा पत्र्याची कोठी असो, ते भरण्यापूर्वी रिकामे करून झाडावे, उन्हात तापवावे, भेगा शेणामातीने बुजवाव्या. मागल्या वर्षीचे मूठभर किडके धान्य तळाशी राहिले, तर ते नव्या दहा पायल्यांस बिघडविते. कणगी जमिनीवर ठेवू नये. विटांवर वा फळ्यांवर ठेवावी, आणि भिंतीपासून हातभर दूर असावी, म्हणजे ओल चढत नाही आणि उंदीर कोठून आला तेही दिसते. आजकाल तिपदरी हवाबंद पोतीही मिळतात. त्यांत वाळलेले धान्य भरून तोंड आवळले म्हणजे आतला किडा हवेवाचून मरतो.

तिसरी गोष्ट किड्याची. ज्वारी-गव्हास सोंडकिडा लागतो आणि तूर, मूग, हरभरा, चवळी ह्यांस भुंगा लागतो. भुंग्याची मादी दाण्याच्या सालीवर अंडी घालते, आणि पुष्कळदा ती शेतातच घालून ठेविते. म्हणून बंद डब्यातही भुंगे कोठून आले ह्याचे आपणांस नवल वाटते. आपल्या आज्या कडधान्यास एरंडेल तेलाचा हात लावीत, ते उगीच नव्हे. तेलाने अंडी मरतात. तूर भरडून डाळ करून ठेविली तर तीस भुंगा सहसा धरीत नाही. कडधान्यात चुलीची चाळलेली राख मिसळणे आणि धान्यात वाळविलेला कडुनिंबाचा पाला घालणे ह्या जुन्या रीतीही चांगल्या आहेत. पाला मात्र खरोखर वाळलेला असावा. ओला पाला घातला तर औषधाचेच दुखणे होते.

येथे एक कडक सूचना देणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. धान्यात ठेवावयाच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कोणी स्वस्तात आणून देईल, तर त्या राहत्या घरात कदापि वापरू नका. त्यांतून निघणारा वायू जसा किड्यास मारितो तसा निजलेल्या लेकरासही मारितो. एक पोते वाचवावे आणि एक मूल गमवावे, असा व्यवहार कोणत्या बापास परवडेल?

चौथी गोष्ट पेवाची. सोलापूर, सांगली ह्या बाजूंस कठीण जमिनीत पेव खणण्याची चाल फार जुनी आहे. अरुंद तोंड, रुंद पोट, आत कडबा वा पाचट, वर दगड आणि माती. सांगलीजवळच्या हरिपूर गावी तर हळदीसाठी अशी पेवे प्रसिद्ध होती. परंतु 2005 सालच्या महापुरात तेथे पाणी शिरून मोठे नुकसान झाले. तेव्हा पेव खणावयाचे तर उंचवट्यावर खणावे, नदीचा भरवसा धरू नये. पेवात धान्य टिकते ते अशासाठी की धान्य स्वतः श्वास घेते आणि आतला प्राणवायू संपून जड वायू भरतो. त्यात किडा जगत नाही. पण माणूसही जगत नाही! पेव उघडल्याबरोबर आत उतरलेली माणसे मेली आहेत, आणि त्यांस काढावयास धावून उतरलेले भाऊही मेले आहेत. म्हणून पेव उघडल्यावर ते पुष्कळ तास मोकळे ठेवावे, कंदील खाली सोडून पाहावा, आणि तो विझला तर उतरू नये. कंदील जळत राहिला तरी एकट्याने उतरू नये; कमरेस दोर बांधून उतरावे, आणि दोराचे दुसरे टोक वरच्या माणसांच्या हाती असावे. कोणी आत कोसळला तर वरच्यांनी त्यास दोराने ओढून काढावे, कोणीही त्याच्यामागे उडी घेऊ नये.

पाचवी गोष्ट हिशेबाची. पाच माणसांच्या घरात रोज 2 किलो धान्य लागते असे धरू. महिन्यास 60 किलो झाले, आणि तीन महिन्यांस 180. ज्याच्या शेतात 10 क्विंटल ज्वारी झाली, त्याने योसेफाप्रमाणे पाचवा हिस्सा, म्हणजे 2 क्विंटल, बाजूस काढला, तर ते त्या घराचे 100 दिवसांचे अन्न होय. ज्यास शेत नाही, त्याच्या घरच्या बाईने प्रत्येक वेळी पीठ वा तांदूळ काढताना एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकावी. मूठ 50 ग्रॅमची धरली आणि दोन वेळा टाकली, तर महिन्यास 3 किलो आणि वर्षास 36 किलो जमतात. ते 18 दिवसांचे अन्न झाले. घरातल्या कोणाची भाकर त्यामुळे लहान झाली असे कोणी म्हणणार नाही. आणि त्या 18 दिवसांत मनुष्य काम शोधू शकतो, आजारातून उठू शकतो, शेळी विकावयाचे टाळू शकतो. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरीब घरास माणशी महिन्यास 5 किलो धान्य मिळण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क सोडू नये; पण पाच माणसांचे ते 25 किलो 60 किलोंचे काम करीत नाहीत, हेही विसरू नये.

धान्याबरोबर मीठ, गूळ, काडेपेटी, थोडे तेल, वाळविलेली मेथी, सांडगे, चिंच ही असावी, आणि झाकलेले पिण्याचे पाणी असावे. मडक्यावर चुन्याने महिना व साल लिहावे. जुने आधी खावे, नवे मागे ठेवावे, आणि जेवढे काढले तेवढे पुन्हा भरावे. वर्षानुवर्षे न उघडलेली कणगी ही साठा नव्हे, ती किड्यांची धर्मशाळा होय. आणि पुढल्या पेरणीचे बी वेगळ्या भांड्यात, वेगळ्या जागी ठेवावे. ते खाण्याची वेळ आली तर त्या घराचा केवळ तो दिवस जात नाही, पुढले वर्ष जाते.

आता शेवटली गोष्ट, आणि तीच मुख्य होय. 1972 साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा आम्ही सात वर्षांचे होतो. गावचे लोक खडी फोडावयास जात. कामावर मुलांना सुकडी मिळे, आणि दुकानावर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी येई. आमच्या आजीजवळ एक लहान कणगी होती. मागल्या वर्षीची जी काही ज्वारी तिने खुडून, मागून, सरवा वेचून जमविली होती, ती त्या कणगीत होती, आणि तीस आम्ही मुलांनी हात लावावयाचा नाही असा नियम होता. एका रात्री मागच्या दाराशी कोणी हळूच हाक मारिली. दारात एक बाई पदराखाली पातेले झाकून उभी होती. तिच्या घरचे लोक दिवसा आमच्या ओसरीवर बसत नसत आणि आमच्या हातचे पाणी घेत नसत. ती काही बोलली नाही. आजीही काही बोलली नाही. आजीने पातेले घेतले, कणगीचे तोंड उघडिले, आणि माप हाती न घेता ओंजळीने ज्वारी घातली. ती बाई गेल्यावर आम्ही विचारिले, "आजी, मोजली का नाहीस?" ती म्हणाली, "मोजली असती तर तिला परत आणून द्यावी लागली असती."

आम्ही त्यानंतर पुष्कळ उपदेश ऐकले आणि काही केलेही. पण शेजाऱ्यावरील प्रीतीविषयी त्याहून स्पष्ट उपदेश आम्ही ऐकला नाही. आणि हे लक्षात घ्या की ती कणगी नसती तर तो उपदेश घडलाच नसता. रिकाम्या घरात दयाळू अंतःकरण असते, पण ते दारी आलेल्यास केवळ अश्रू देऊ शकते.

अंत्युखियाच्या मंडळीने हेच केले. अगब नावाच्या संदेष्ट्याने सर्वत्र मोठा दुष्काळ पडणार असे सांगितले, आणि तो क्लौद्य कैसराच्या दिवसांत पडला. ते ऐकून अंत्युखियाच्या शिष्यांनी आपलीच दारे लावून घेतली नाहीत. प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे यहूदीयातील भावांकरिता साहाय्य जमविले आणि बर्णबा व शौल ह्यांच्या हाती पाठविले. आपल्याही देशात अशी उदाहरणे आहेत. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्यप्रांतातून उपाशी मुली व विधवा आणल्या, आणि 1900 साली गुजरातेतून आणल्या. केडगावच्या माळरानावर विहिरी खणून आणि शेती करून त्यांस त्यांनी जगविले. मंगळवेढे तालुका आजही ज्वारीचे कोठार म्हणून ओळखला जातो. तेथल्या दामाजीपंतांनी दुष्काळात राजाची कोठारे लोकांस खुली केल्याची कथा आपल्या सगळ्या मराठी मुलुखास ठाऊक आहे. मिझोरामच्या डोंगरांतील मंडळ्यांत बायका 1910 सालापासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी देवासाठी मूठभर तांदूळ बाजूस काढीत आल्या आहेत. त्या मुठींवर तेथे उपदेशक पोसले गेले आणि सुवार्तेचे काम उभे राहिले.

ह्यास्तव आमची सूचना अशी आहे. प्रत्येक घराने आपली कणगी ठेवावी, आणि प्रत्येक मंडळीने आपली एक कोठी ठेवावी. एकट्या घराची कणगी पुरेशी नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारीस भूकंप झाला, तेव्हा जेथे घरेच ढासळली तेथे घरातले धान्य घरासह गेले. 2019 च्या पुरात कृष्णा व पंचगंगेकाठच्या घरांतली पोती भिजून गेली. अशा दिवशी दुसऱ्या वस्तीची कोठी उघडी असावी लागते. आणि 2020 च्या मार्चात सगळा देश एकाएकी बंद झाला, शहरांतली कामे थांबली, आणि आपली मुले पायी चालत गावी आली, तेव्हा ज्या घरांत नवी ज्वारी भरलेली होती तेथे आईने प्रथम भाकर वाढली आणि मग विचारपूस केली. जेथे ज्वारी सुगीतच विकून टाकली होती, तेथे आईस प्रथम शेजारणीचे दार पाहावे लागले.

मंडळीच्या कोठीची किल्ली दोघांजवळ असावी, आणि त्यांत एक बाई असावी. येणे-जाणे वहीत लिहावे. मात्र घेणाऱ्याचे नाव मंडळीत वाचू नये. दरवर्षी सुगीत जुने धान्य काढून गरजूंस द्यावे व नवे भरावे. आणि जो दारी येईल तो आपल्या मंडळीचा आहे की नाही, हे विचारू नये. रूथ ही मवाबी होती. बवाजाने तीस सरवा वेचू दिला, आणि त्याच्या घरी जे वंशबीज पुढे चालले त्यात आपला तारणारा जन्मास आला. तो ज्या गावी जन्मला त्या बेथलेहेम नावाचा अर्थच भाकरीचे घर असा आहे.

बंधुभगिनींनो, धान्य महाग होईल तेव्हा विकू ह्या आशेने जो भरून ठेवितो, त्यास लोक शाप देतात असे नीतिसूत्रांत सांगितले आहे. धान्य महाग झाले तरी शेजारी उपाशी राहू नये ह्या हेतूने जो भरून ठेवितो, त्यास ते आशीर्वाद देतात. बाहेरून पाहिले तर दोन्ही कणग्या सारख्याच दिसतात. त्यांतला भेद देव जाणतो, आणि दुष्काळाच्या रात्री मागच्या दाराशी उभा असलेला मनुष्यही जाणतो.

ह्या आठवड्यात, ज्वारी विकण्यापूर्वी, पाचवा हिस्सा मोजून बाजूस काढा. ज्यास शेत नाही त्याने आज संध्याकाळी एक स्वच्छ मडके धुऊन उन्हात पालथे घालावे, आणि उद्या सकाळी त्यात पहिली मूठ टाकावी. ती टाकताना घरातल्या सर्वांनी उभे राहून रोजच्या भाकरीबद्दल देवबापाचे उपकार मानावे, आणि ज्याच्या घरी आज चूल पेटली नाही त्याची आठवण करावी. ज्याने सारफथच्या विधवेच्या मडक्यातले पीठ सरू दिले नाही, तो देव आपल्या मडक्यांवर आणि आपल्या ओंजळींवर कृपादृष्टी ठेवो. आमेन.